थाळीला लावलेलं पीठ

माझी लेक हल्ली घरी एनर्जी बार करते. खजूर, बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया असं सगळं मिक्सरमधून काढते, ट्रेमध्ये थापते, फ्रिजमध्ये ठेवते आणि मग मला अभिमानाने सांगते, "आई, यात धान्याचा एक कण नाही, आणि गॅससुद्धा पेटवावा लागत नाही." मी मान हलवते. तिला वाटतं हे सगळं आईला नवीन आहे. ट्रेमध्ये आधी ती बटर पेपर अंथरते, म्हणजे वड्या चिकटत नाहीत. हा कागद आमच्या वेळी गोडादऱ्यात मिळत असता तर माझं अर्धं आयुष्य हलकं गेलं असतं, असं एकदा माझ्या तोंडून निघून गेलं. ती हसली. तिला तो विनोद वाटला, आणि मीही तो तसाच राहू दिला.

गुजरातेतल्या गोडादऱ्यात आमची एक खोली होती. पुढे दोन हात ओटा, मागे मोरी, आणि गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. लूमची खटखट दिवसभर चालायची. ती इतकी अंगवळणी पडली होती की आठवड्यातून एकदा वीज बंद असली की आम्हा पोरांना चैन पडायचं नाही, आणि बायका उगाचच हळू आवाजात बोलायला लागायच्या. आबा, म्हणजे माझे वडील, त्याच शेडमध्ये लूम चालवायचे. कान गेल्यासारखेच होते, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. साधं पाणी मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं भांडण लागलं. माय घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. त्या गोंदाचा वास आमच्या अंथरुणाला, दप्तराला, भाकरीलासुद्धा यायचा. आम्ही मूळचे खानदेशातले, धुळ्याकडचे. शाळेत मराठी, गल्लीत गुजराती-हिंदी आणि उंबऱ्याच्या आत अहिराणी, अशा तीन भाषा आम्ही चपला बदलाव्यात तशा बदलायचो.

सुभाषभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो जेवायला बसला की भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सोडवायचा आणि माझ्या ताटात टाकायचा. का, ते कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटायचं सगळ्यांचे भाऊ असंच करतात. आबांनी त्याला लूमवर लावलं होतं. तिथे त्याचा जीव रमेना. एक दिवस तो आपल्या मनाने इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला, आणि काही महिन्यांत ते कंत्राट संपलं. मग तो घरी बसला. घरी बसलेला तरुण मुलगा म्हणजे बापाच्या डोळ्यातलं कुसळ. आबा येता-जाता बोलायचे, भाऊ ऐकून घ्यायचा.

त्या दुपारी भाऊ जेवायला बसला होता. मायने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं होतं. त्याने पापुद्रा काढून माझ्या ताटात टाकला, पहिला घास घेतला, तेवढ्यात आबा पाळी संपवून आले. काय बिनसलं होतं कोण जाणे. दारातच ओरडले, "तीन महिना व्हयनात, घरमा एक दाणा आणा नही तू. आनि आठे बशीसन गिळस?" भाऊने हातातला घास परत ताटात ठेवला. हात धुतला नाही, तसाच उठला, चप्पल पायात घातली आणि गेला. माय भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी कोपऱ्यापर्यंत धावली. गल्लीतली माणसं बघत होती. लूमच्या आवाजात तिच्या हाका तिला स्वतःलाही ऐकू आल्या नसतील.

आमच्याकडे वैऱ्यालाही भरल्या ताटावरून उठवत नाहीत. इथे तर पोटचं पोर उठलं होतं. दोन दिवस मायने काहीच खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी तिने आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "मना पोऱ्या भरेल ताटवरथून उठना. तो इसन आठे जेवत नही, तोवर मी धान्यना कण तोंडमा घालाव नही." आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. झोप लागली नव्हती, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

शेजारणींना आधी गंमतच वाटली. चार दिवसांचं कौतुक, म्हणाल्या. वरण चालतं का, भगर चालते का, असे प्रश्न घेऊन त्या ओट्यावर येऊन बसायच्या. मायने आपला कायदा करून टाकला होता. कणसात येतं ते नाही, वेलीच्या नि झुडपाच्या शेंगेत येतं तेही नाही. भगर उपासाला चालते म्हणून काय झालं, तोही दाणाच. मग भुईमूग? तो जमिनीच्या पोटात होतो, म्हणून चालेल. असल्या बाबतीत माय एखाद्या वकिलासारखी वागायची. मात्र कायद्याने पोट भरत नाही. उकडलेले बटाटे, शेंगदाणे, वाटीभर दूध, कधी केळं. साबुदाण्याने तिला पित्त व्हायचं. महिनाभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. चिकटवताना टिकली रेषेबाहेर जायची, आणि माल घेणारा माणूस साडी परत टाकायचा. एक दिवस ती मोरीत भांडी घासता घासता बसल्या जागी कलंडली. मी तिला उचललं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण मला ती उचलता आली.

मागच्या गल्लीत हंसाबेन राहायच्या. विधवा बाई, एकट्या, थंडीच्या दिवसांत ओळखीच्या घरांसाठी खजुराच्या वड्या करून द्यायच्या. मी शाळेतून आल्यावर त्यांच्याकडे खजुराच्या बिया काढायला जायची. त्यांना मायचं सगळं ठाऊक होतं, गल्लीला काय ठाऊक नसतं. त्या दिवशी मी बिया काढता काढता रडायला लागले, तर त्यांनी माझ्यापुढे परातच सरकवली. "रडीने शुं थवानुं? जो, आमां अनाज नथी आवतुं. तारी मम्मीने चालशे." मग त्यांनी मला सगळं दाखवलं. काळा मऊ खजूर घ्यायचा, बिया काढून खलात कुटायचा, अगदी लोण्यासारखा होईपर्यंत. बाजारात भाजून मिळतात ते शेंगदाणे सोलून जाडसर भरडायचे. काजूचा तुकडा, थोडे बदाम, किसलेलं सुकं खोबरं, वेलदोडा. चूल नाही, पाक नाही, साखर नाही. तळहाताच्या उबेने सगळं एकजीव होईस्तोवर मळायचं, थाळीत थापायचं, वर वाटीच्या बुडाने दाबायचं आणि तासाभराने सुरीने कापायचं. निघताना त्यांनी पुडीत खजूर आणि काजूचे तुकडे बांधून दिले आणि दारातून ओरडून सांगितलं, "थाळीने घी चोपडजे हां, नहीं तो चोंटी जशे." तूप लाव, नाहीतर चिकटेल.

स्टोव्ह पेटवायचा नव्हता हे मला फार बरं वाटलं होतं, कारण रॉकेल संपत आलं होतं आणि उरलेलं आबांच्या भाकरीपुरतं ठेवायचं होतं. माय माल पोचवायला गेलेली. मी खजूर कुटला, शेंगदाणे भरडले, मळलं. हाताला तो गोड चिकट गोळा लागला की फार समाधान वाटतं, आजही वाटतं. थाळी पुढे ओढली आणि आठवलं की घरात तूप नाही. तेल लावावं तर त्याचा उग्र वास वडीला लागेल. तशीच थापली, तर एक कोपरा खरवडून काढताना चुरा झाला. सगळं परत गोळा केलं, थाळी धुतली, पुसली. आणि मग माझा हात आपोआप मागच्या डब्याकडे गेला. खानदेशी पोरीचा हात तो. चिकटायला लागलं की पिठात हात घालायचा, हे आम्हाला बोलायला येण्याआधी येतं. चिमूटभर ज्वारीचं पीठ मी थाळीवर भुरभुरलं, बोटांनी सारखं केलं आणि वर गोळा थापला. वड्या काय सुरेख सुटल्या! चौकोनी, कडा धारदार, एकही तुटली नाही. पितळी डब्यात लावून ठेवल्या आणि माय आल्यावर तिच्यापुढे डबा उघडला.

"माय, खाय. धान्य नही यामा. हंसाबेनले विचार."

मायने एक वडी उचलली. तोंडात घातली. चावता चावता थांबली, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा चावायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लेकीच्या हातचं म्हणून आलं. तिने लागोपाठ तीन वड्या खाल्ल्या. पाणी प्यायली आणि मला जवळ ओढून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्या संध्याकाळी भिंतीला न टेकता बसली.

तिसऱ्या दिवशी आबांसाठी भाकरी थापायला मी पिठाचा डबा उघडला. पिठात एक काळसर, चिकट गोळी पडली होती. मी ती उचलली. खजूर होता. माझ्याच बोटाचा. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे, तव्यातून धूर निघायला लागला तेव्हा भानावर आले. पितळी डब्यात दोन वड्या उरल्या होत्या. त्या उलट्या करून बघितल्या. खाली पांढरा थर स्वच्छ दिसत होता, आंधळ्यालाही दिसला असता. मी त्या दोन्ही घाईघाईने तोंडात कोंबल्या. मायने विचारलं तेव्हा सांगितलं, मला भूक लागली होती. तिने रिकामा डबा घासायला घेतला.

मायला सांगायचं, असं मी रात्रभर ठरवलं होतं. सकाळी सांगायला तोंड उघडणार, तर दारात रामदासकाका उभे. आमच्या गावचे, बमरोलीच्या गिरणीत कामाला. आत येऊन बसलेसुद्धा नाहीत. "वहिनी, सुभाष बमरोलीमा शे. मना शेजारनी खोलीमा ऱ्हास. आयतवारले जेवाले येस, असं सांगं त्यानी." माय खाली बसली. आबा शर्ट चढवून निघालेच, तर काकांनी त्यांचा दंड धरला. "तुमी जाऊ नका आबा. राग शे त्याना मनमा अजून. आपला पायनी ईऊ द्या त्याले." आबांनी शर्ट काढून परत खुंटीला लावला. मी गप्प राहिले. आता कशाला सांगायचं? चार दिवसांत भाऊ येणार, जेवणार, नवस फिटणार. पिठाची गोष्ट पिठाबरोबर संपेल. देवाला तरी एवढं बारीक दिसतं का, असा हिशेबी विचार मी त्या वयात केला, त्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी मायने सकाळपासून रांधलं. बट्टी, तुरीचं वरण, भरलेली वांगी, कळण्याची भाकरी. सगळं धान्य, आणि तिने चव बघायलासुद्धा जिभेला लावलं नाही. मीठ बरोबर आहे का ते मला चाखायला लावलं. चार पाट मांडले. आबांनी दाढी केली होती. बाहेरून कोणाच्याही चपलांचा आवाज आला की तिघांचीही मान दाराकडे वळायची. बारा वाजले, दोन वाजले. बट्टीवरचं तूप थिजलं. मायने ते परत गरम केलं. चार वाजता परत गरम केलं. दिवेलागणीला ती उठली, भाऊचं वाढलेलं ताट तिने दुसऱ्या ताटाने झाकलं आणि फळीवर ठेवलं. आम्ही कोणीच जेवलो नाही.

सोमवारी आबा बमरोलीला गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारची पोरं म्हणाली, शनिवारी कोणीतरी मुकादम आला होता, पाच-सहा जणांना काम आहे म्हणून घेऊन गेला. कुठे, ते एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. सुभाषने पिशवी नेली होती, म्हणजे आठवड्यात परत येईन असं त्याच्या मनात नव्हतं. की होतं? रविवारी जेवायला जायचं आहे, हे त्याने त्या मुकादमाला सांगितलं असेल का? हे प्रश्न मी मोजता येणार नाहीत इतक्या वेळा उलटेपालटे करून बघितले आहेत. आबा त्यानंतर वर्षभर हिंडले. चौकीत नाव लिहून दिलं, सांगतील त्या गावाला गेले. भाऊ आला नाही. आजवर आला नाही.

आबांनी त्यानंतर घरात पाटावर बसून कधी जेवण केलं नाही. कारखान्यात डब्यातलं खायचे, सुट्टीच्या दिवशी ओट्यावर उभ्यानेच भाकरी मोडायचे. त्या दिवशी मला जाऊ दिलं नाही, एवढं एकच वाक्य ते रामदासकाकांचं नाव निघालं की बोलायचे. मनात मी म्हणायची, आबा, तुमच्या न जाण्याने काही झालं नाही. झालं ते माझ्या चिमूटभर पिठाने. हे मी कोणाजवळ बोलले नाही. लग्न झालं, लेक झाली, तरी बोलले नाही. लग्नात नवऱ्याने पहिला घास भरवला तेव्हा माझ्या मनात आलं, याला कळलं की याने कुणाशी लग्न केलं आहे, तर?

आणि माय? मायने धान्य पुन्हा खाल्लं नाही. वीस वर्षं. शरीराला सवय लागते, लोकांना तर त्याहून लवकर लागते. गल्लीत ती "धान्य न खाणारी माय" झाली, नव्या सुनांना तिच्या पाया पडायला आणायचे. ते तिला मुळीच आवडायचं नाही. खजुराच्या वड्या मात्र ती खायची, माहेरी गेले की मीच करून ठेवायची, थाळीला बोटभर तूप चोपडून. एक सवय तिला लागली होती. वडी तोंडात घालण्याआधी ती उलटी करायची आणि बुडाकडे बघायची. मला वाटायचं, मुंग्या बघते. म्हातारपणी माणसाला असल्या खोडी लागतातच.

आबा गेल्यावर दोन वर्षांनी मायने अंथरूण धरलं. गोडादऱ्यातलीच ती खोली, फक्त भिंतीला आता फरशी लावलेली. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. बाहेर लूम चालू होते. मला एकाएकी राहवेना. आता नाही सांगितलं तर हे माझ्याबरोबरच जळेल, असं वाटलं. मी तिच्या पायांकडे बघतच सगळं सांगितलं. तूप नव्हतं, पीठ लावलं, डब्यातली खजुराची गोळी, दोन वड्या मी खाल्ल्या त्या. "माय, तुना नवस मी मोडा. मन्हामुळे भाऊ इना नही."

तिने पाय जरासे जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "ज्वारीनं पीठ माले समजाव नही का, मंगल? पहिला घासलेच समजनं व्हतं."

मी वर बघितलं. ती छताकडे बघत होती.

"मंग थुकी का नही टाकं माय?"

"भूक लागेल व्हती." एवढं बोलून तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "महिनाभर भाकरना वास घेता घेता मी अर्धी व्हयेल व्हती. जिभले पीठ लागनं आनि मन्हा हात थांबना नही. तीन खाद्यात. म्हनीसन तो इना नही. तू पोर व्हतीस, तुले काय समजस. खानारी मी व्हतू."

वीस वर्षं आम्ही दोघी एकाच चिमटीचं पीठ आपापल्या ओच्यात बांधून वागवत होतो. माझं लग्न होईपर्यंत तर एका खोलीत, एकमेकींच्या शेजारी झोपून. मला ओरडून रडायचं होतं. तिला सांगायचं होतं की माय, पिठाने पोरं हरवत नाहीत गं, मुकादम घेऊन जातात, दिवस तसे होते, शहर तसं होतं. ते मी सांगितलंही. तिने ऐकून घेतलं. मी म्हटलं, "आते तरी भाकर खाय. मी गरम गरम थापस तुनासाठे. आते काय ऱ्हायनं?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "आनि तो इना उद्या, तर?"

मी उठले. खजूर कुटला, शेंगदाणे भरडले, हंसाबेन होत्या तेव्हा दाखवायच्या तसं तळहाताच्या उबेने मळलं. माय पडल्या पडल्या बघत होती. मी थाळी पुढे घेतली तसा तिचा हात चादरीतून बाहेर आला.

"थाळीले तूप लाव," ती म्हणाली.

लावलं. तिच्या देखत लावलं, कडेपर्यंत. वड्या कापल्यावर पहिली तिच्या हातात दिली. तिने ती उलटी केली, डोळ्यांजवळ नेऊन बुडाकडे नीट बघितलं, आणि मग खाल्ली.